ओढून बघायची सोय

न्यू जर्सीतल्या मराठी घराचं पुढचं दार म्हणजे निव्वळ शोभा. चौकटीवर गणपती, त्याखाली तोरण, पायपुसण्यावर 'सुस्वागतम्' आणि उंबरठाच नसलेल्या त्या दाराशी उंबरठ्यावर चिकटवायचं रांगोळीचं स्टिकर. एवढा थाट करून त्या दारात येतं कोण? पार्सलवाला, तोही पायरीवर खोकं टाकून पळतो. नाहीतर पहिल्यांदाच जेवायला बोलावलेला पाहुणा. दुसऱ्या खेपेला त्याच पाहुण्याला फोनवर "गॅरेजमधूनच या हो" असं सांगितलं जातं, तेव्हा तो घरचा झाला असं समजायचं.

कारण खरा संसार गॅरेजच्या बाजूने चालतो. चपला-बूट तिथे. तांदळाच्या पिशव्या तिथे. जादाचा फ्रीज, मुलांच्या सायकली, बर्फ ओढायचं फावडं, 'पुढच्या वर्षी नवीन करू' म्हणून फेकायचं राहून गेलेलं गणपतीचं मखर, मंडळाच्या कार्यक्रमातून चुकून आपल्याकडे आलेली कुणाची तरी पातेली आणि भारतवारीच्या बॅगा. मोठीत मधली, मधलीत छोटी, छोटीत मागच्या खेपेचं न उघडलेलं मेतकूट. पालो आल्टोतल्या ॲडिसन ॲव्हेन्यूवरच्या एका गॅरेजातून १९३९ साली ह्यूलेट आणि पॅकार्ड यांची कंपनी निघाली, ते गॅरेज आता ऐतिहासिक स्थळ म्हणून जपून ठेवलंय. आमच्या गॅरेजातून काहीही निघायचं असेल तर आधी ट्रेडमिल हलवावी लागते.

गाडी? ती बाहेर, ड्राइव्हवेवर. डिसेंबर लागला आणि काचेवरचा बर्फ खरवडून बोटं बधिर झाली की मात्र बॅगा एकीवर एक चढवून तिला आत जागा करून देतात. आणि मग लक्षात येतं की दार हाताने उचलायचं आहे.

आमचं घर सत्तरच्या दशकातलं, दारही जुन्या वळणाचं. सोळा फूट रुंद, सात फूट उंच, चार आडव्या फळ्यांचं. मधोमध इंग्रजी टीसारखी मूठ. ती फिरवली की दोन्ही बाजूंच्या लोखंडी पट्ट्या सरकून रुळांच्या खाचेत खट्कन बसत. हिवाळ्याच्या रात्री गाडीतून उतरायचं, मूठ फिरवायची, वाकायचं, दार डोक्यावर ढकलायचं, गाडी आत घ्यायची, पुन्हा उतरायचं आणि लोंबणारी दोरी धरून दार खाली ओढायचं. नवरा याला बरीच वर्षं व्यायाम म्हणत असे. पन्नाशी जवळ आल्यावर म्हणेनासा झाला, आणि मोटर बसवायची ठरली.

बसवणाऱ्या माणसाने मजुरीचा आकडा सांगितला तेव्हा माझे सासरे तिथेच बसले होते. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, सहा महिन्यांसाठी आलेले, आणि वर्तमानपत्र इंटरनेटवर वाचून सकाळी नऊलाच मोकळे होणारे. आकडा ऐकून त्यांनी चष्मा काढला. "अरे, धरणाचे वक्र दरवाजे हलवलेत आम्ही. हे काय, पत्र्याचं दार!" म्हणाले.

होम डेपोतून खोकं आलं. नवऱ्याला ते लगेच फोडायचं होतं, सासऱ्यांनी फोडू दिलं नाही. आधी दार बघू. त्यांनी दार कमरेएवढं उचललं आणि हात सोडला. मी डोळे मिटून घेतले. दार होतं तिथेच थांबलं. "तोल ठीक आहे," सासरे म्हणाले, "आता आणा तुमची मोटर." नंतर माहितीपुस्तक उघडलं तर पहिल्याच पानांत हीच परीक्षा लिहिलेली निघाली. त्यानंतर घरात कुणी माहितीपुस्तक उघडायचं तर त्यांची परवानगी घेऊन.

गंमत अशी की दार मोटर उचलतच नाही. हे सत्तर किलोच्या घरातलं धूड तोलून धरते ती दाराच्या माथ्यावरच्या दांड्यावर पिळून बसवलेली जाडजूड स्प्रिंग. दार खाली येतं तेव्हा तिला पीळ बसतो. वर जाताना तोच पीळ सुटतो आणि दोन बाजूंच्या तारा दाराला वर खेचतात. मोटर बिचारी अर्ध्या अश्वशक्तीची असली तरी चालते, कारण तिच्याकडे काम फक्त 'चला, निघा' म्हणायचं. साधारण दहा हजार वेळा उघडझाप झाली की स्प्रिंगचं आयुष्य संपलं असं धरतात. दिवसाला चार वेळा म्हटलं तर सात वर्षांच्या आतच. ती मोडते तेव्हा शेजारी पोलिसांना फोन करतील असा बार उडतो, आणि मग मोटर कितीही गुरगुरली तरी दार ढिम्म. भरल्या पिळाची स्प्रिंग सुटली तर हाताचा चुरा करते, म्हणून तिच्याशेजारी लाल अक्षरांत 'हात लावू नका' असं लिहिलेलं असतं. सासऱ्यांनी ती सूचना मोठ्याने वाचली आणि आदराने दोन पावलं मागे सरकले. "काम हिचं आणि कौतुक मोटरचं," एवढंच म्हणाले. सासूबाई दारातून म्हणाल्या, "आता कळलं का?" त्या स्प्रिंगबद्दल बोलत नव्हत्या.

मग छत. मोटर टांगायची ती छतातल्या तुळईला, आणि तुळई प्लास्टरच्या पांढऱ्या पत्र्यामागे लपलेली. नवऱ्याने भिंतीतलं लाकूड हुडकणारं यंत्र आणलं होतं. ते सगळीकडेच पिंपिं करत होतं. सासऱ्यांनी झाडूचा दांडा उलटा धरला आणि छतावर टकटक करत चालत गेले. पोकळ, पोकळ, पोकळ, भरीव. "इथे." खूण केली, ड्रिल मारलं, भुश्श्याबरोबर लाकूड आलं. यंत्र दुसऱ्या दिवशी परत गेलं. सासऱ्यांना मात्र तुळई सापडल्याचा आनंद कमी आणि घराबद्दलची काळजी जास्त. "अरे, म्हणजे या भिंतीत वीट नाहीच? आत नुसतं लाकूड आणि वरून पुठ्ठा? आणि याचं तीस वर्षं कर्ज फेडतोयस?"

रूळ जोडणं, पट्टा ताणणं, दाराच्या वरच्या फळीवर आडवी पट्टी मारणं, हे सगळं कुणालाही जमेल असं आहे. त्यात सांगण्यासारखं एवढंच की साखळीची मोटर घ्यावी की पट्ट्याची यावर वाद झाला. गॅरेजच्या वर झोपायची खोली, म्हणून नवऱ्याने पट्ट्याची, कमी आवाजाची मोटर आणली. सासऱ्यांनी पिठाच्या गिरणीत पट्टे निसटताना पाहिलेत. आवाज करत नाही त्या यंत्रावर त्यांचा विश्वास बसत नाही. मोटर टांगायचे भोकांचे लोखंडी अँगल मात्र खोक्यात नसतात, ते वेगळे घ्यावे लागतात, तेव्हा पुन्हा होम डेपो. तिथल्या नटबोल्टच्या रांगेत सासऱ्यांना एकट्याने सोडलं तर दुपार निघते. मीही माझी बरीच खरेदी तेवढ्यात उरकली.

खरी ठिणगी पडली ती कडीवरून.

माहितीपुस्तकात ठळक लिहिलेलं होतं: मोटर बसवण्याआधी दाराची जुनी कुलपं-कड्या काढा किंवा निकामी करा, दोऱ्या सोडवा. कारण उघड आहे. दाराला आतून कडी आणि कुणी बाहेरून बटण दाबलं, तर मोटर ओढत राहणार आणि वरची फळी वाकणार. नवऱ्याने हे समजावून सांगितलं. सासऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे रात्री दाराला कडी नाही?"

"बाबा, मोटरच दार धरून ठेवते. बाहेरून सहजी उचलता येत नाही."

"ते ठीक. पण कडी नाही?"

हा प्रश्न समजायला माणूस पुण्यातल्या फ्लॅटमधून किमान एकदा सहकुटुंब गावाला निघालेला असावा लागतो. आधी लॅच. मग कडी. कडीला कुलूप. कुलूप लावलं की ते ओढून बघायचं. ओढून बघितलेलं कुलूप बायको परत ओढून बघते, कारण नवऱ्याने ओढलेलं तिला मान्य नसतं. मग सेफ्टी डोअर, त्याचंही हेच. बॅगा जिन्यातून खाली, रिक्षाचा मीटर पडलेला, आणि कुणीतरी एकजण, बहुधा घरातला सर्वात वयस्कर माणूस, "एक मिनिट हं" म्हणून दोन मजले चढून परत कुलूप ओढून येतो. त्याने खाली येऊन मान डोलावली की मग गाव. एवढ्या ओढाताणीनंतरही शिवाजीनगर येईपर्यंत गॅसची शंका येतेच, पण कुलपाची येत नाही. हाताला आठवत असतं.

सासरे तर आमच्याकडे आल्या दिवसापासून रोज रात्री साडेनऊला गॅरेजात जाऊन ती मूठ फिरवत, दोन्ही पट्ट्या बसल्याचा आवाज ऐकत, मग दार एकदा वर उचलायचा प्रयत्न करून ते उचललं जात नाही याची खात्री करून झोपायला जात. तीच मूठ आता नटबोल्टसकट त्यांच्या हातात काढून दिली. त्यांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळून स्वतःच्या बॅगेत ठेवली. अजून पुण्यात आहे म्हणतात.

अमेरिकेत वर उचलायचं फळ्यांचं दार काढलं सी. जी. जॉन्सन नावाच्या माणसाने १९२१ साली, आणि त्याला विजेची मोटर जोडली १९२६ साली. दाराची छोटी प्रतिकृती फोर्डच्या मागे बसवून तो गावोगाव दाखवत फिरला. जड दारं उचलता न येणाऱ्यांची सोय व्हावी, एवढाच साधा विचार. पण यंत्राला समोर कोण आहे हे दिसत नव्हतं, आणि पुढे अशा दारांखाली लहान मुलं सापडून जीव गेले. म्हणून १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती मोटरींना कायद्याने सुरक्षेची सोय सक्तीची झाली. तेव्हापासून दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून सहा इंचांच्या आत, एकमेकांकडे टक लावून बसलेले दोन डोळे असतात. एक अदृश्य किरण सोडतो, दुसरा तो झेलतो. मध्ये काहीही आलं, मूल, मांजर, चेंडू, चप्पल, तर खाली येणारं दार उलटं वर जातं.

दुसरी परीक्षा दाराखाली दीड इंच जाडीची फळी आडवी टाकून करायची. दाराने तिला टेकताच मागे फिरलं पाहिजे. फळी नव्हती. सासऱ्यांनी स्वयंपाकघरातून पोळपाट आणला. सासूबाई मागोमाग धावत आल्या, पण तोवर बटण दाबलं गेलं होतं. लग्नातल्या त्या शिसवी पोळपाटाकडे सत्तर किलोंचं दार सावकाश उतरत होतं आणि सासूबाई "अहो! अहो!" करत होत्या. दार टेकलं, क्षणभर थबकलं आणि परत वर गेलं. पोळपाटावर ओरखडासुद्धा नाही. सासूबाईंनी तो उचलून पदराने पुसला. "त्या दाराला कळलं," म्हणाल्या. मोटर बसवल्यापासून त्या तिच्याविषयी बऱ्या बोलल्या त्या तेव्हा पहिल्यांदा.

तोवर त्यांचा तिच्यावर राग होता तो लाल मुठीच्या दोरीमुळे. वीज गेली किंवा काही अडकलं तर दार मोटरीपासून सोडवायला एक लाल मूठ लोंबत असते. रेल्वेतल्या धोक्याच्या साखळीसारखीच ती, ओढावीशी सगळ्यांना वाटते आणि ओढत कुणी नाही. सासूबाईंनी तिला कोथिंबिरीची पिशवी अडकवली होती. त्यावर बरंच ऐकून घ्यावं लागलं होतं.

पण त्यांची आणि मोटरीची खरी गट्टी जमली नवरात्राच्या सुमारास. आमचं दार दक्षिणेला. ऑक्टोबरात सूर्य खाली उतरला आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला तिरपं ऊन थेट त्या किरण झेलणाऱ्या डोळ्यात शिरायला लागलं. उन्हाने डोळे दिपले की त्याला पलीकडचा किरण दिसेना, म्हणजे मध्ये काहीतरी आहे असं वाटून मोटर दार लावायलाच तयार होईना. बटण दाबलं की दार थोडं खाली यायचं, बिचकायचं, वर जायचं, आणि वरचा दिवा आमच्याकडे बघून डोळे मिचकावायचा. नवऱ्याने डोळे पुसले, वायरी तपासल्या, कोळ्याची जाळी काढली. सूर्य बुडाला की दार मुकाट्याने लागायचं.

सासूबाई देवापुढे दिवा लावून बाहेर येत. "बरोबरच आहे. दिवेलागणीला दार लावतात का? लक्ष्मी यायची वेळ. ती आत आली की लागतं." आणि खरंच, आरती होऊन त्या बाहेर येईपर्यंत दार लागलेलं असायचं. अमेरिकेत आल्यापासून आम्ही तिन्हीसांजेला दारं-खिडक्या बंद करून हीटर लावतो, यावर त्यांनी आजवर मौन राखलं होतं. आता त्यांच्या बाजूने एक यंत्र उभं राहिलं होतं.

सासऱ्यांना कारण सापडलं. त्यांनी ॲल्युमिनियम फॉइलची आतली पुठ्ठ्याची नळी कापली आणि त्या डोळ्यावर टोपीसारखी चढवली. ऊन अडलं, समोरचा किरण नळीतून सरळ आत येऊ लागला, आणि साडेपाचला दार लागलं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "झालं समाधान?" नळी दोन दिवसांनी गायब झाली. कुणी विचारलं नाही.

आता दार उत्तम चालतं. आणि हीच पंचाईत आहे. गाडी मागे घ्यायची, गाडीतल्या आरशाजवळ अडकवलेलं बटण दाबायचं, दार उतरायला लागलं की निघायचं. कोपऱ्यावरच्या स्टॉप साइनपर्यंत सगळं बरं असतं. तिथे थांबलं की विचार येतो: लागलं का? पूर्ण लागलं का? की पान उडून मध्ये आलं आणि परत वर गेलं? आपण तर बघितलंच नाही. हाताने ओढलेलं दार हाताला आठवतं, बोटाने दाबलेलं बटण कशालाच आठवत नाही. आमच्या कोपऱ्यावर सकाळी आठ वाजता कुणी उभं राहून बघावं. एकेक गाडी थांबते, पुढे सरकते, मग अचानक वळण घेऊन गल्लीत परत शिरते. गुजराती, तेलुगू, पोलिश, सगळी घरं. सगळे आपापलं बंद दार बघून, किंचित शरमून, पुन्हा ऑफिसच्या वाटेला लागतात. या माणसांनी पैसे मोजून सोय घेतली, आणि सोयीबरोबर शंका फुकट मिळाली.

शंकेवरचा उपायही अर्थात मोटरवालेच विकतात. मोटर वायफायला जोडायची आणि फोनवर बघायचं: दार उघडं, दार बंद. दहा मिनिटांच्या वर उघडं राहिलं तर फोन कळवतो. फोनवरूनच लावताही येतं. फक्त तेव्हा समोर कुणी उभं नाही याची खात्री नसल्यामुळे मोटर आधी काही सेकंद दिवे लुकलुकवते आणि जोरजोरात पीं पीं करते. सासऱ्यांना ही व्यवस्था फार पटली. "नदीपात्रात विसर्ग सोडण्याआधी भोंगा देतात, तसंच. बरोबर आहे," म्हणाले. जाताना त्यांनी मुलाकडून आपल्या फोनवर ते ॲप घालून घेतलं. आम्हाला वाटलं, आठवण म्हणून.

पुण्यात रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा आमच्याकडे दुपारचे बारा असतात. हिवाळ्यात अकरा. एका शनिवारी आम्ही वाणसामान उतरवत होतो. दार उघडं, डिकी उघडी, मी कणकेची पोती आत नेत होते आणि नवरा दारात उभा राहून समोरच्या घरच्या पटेलभाईंशी पार्किंगवर बोलत होता. फोन वाजला. "दार उघडं दिसतंय," सासरे म्हणाले. मी म्हटलं, "हो बाबा, सामान उतरवतोय." "बरं बरं. आटपा," म्हणून त्यांनी ठेवला.

पंधरा मिनिटं गेली असतील. पटेलभाई पार्किंगवरून इमिग्रेशनवर आले होते. डोक्यावरचा दिवा लुकलुकायला लागला, मोटर पीं पीं करायला लागली, पटेलभाई दचकून ड्राइव्हवेच्या टोकापर्यंत मागे गेले, आणि आमचं दार निवांतपणे खाली उतरायला लागलं. नवऱ्याचा पाय नेमका त्या दोन डोळ्यांच्या मध्ये. दार थबकलं आणि वर गेलं.

लगेच फोन. आता नवऱ्याच्या खिशात. त्याने उचलला, मला लांबून पुण्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

"अरे, कोण उभंय मध्ये?"